अस्वलाशेजारचा लाल्या

रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय करावं? बाकावर बसावं, आपली दुखणी शेजारच्याला सांगावीत, त्याची निमूट ऐकून घ्यावीत आणि नंबर आला की आत जावं. चित्रं काढणाऱ्या एका बाईच्या वडिलांना हे कधी जमलंच नाही. ते खिशातून भिंग काढत आणि भिंतीवरच्या तक्त्याला नाक लावून उभे राहत. तक्त्यावर एक माणूस पोट-छाती उघडी टाकून उभा होता, आतलं सगळं रंगीत.

"डॉक्टर, हृदय सरकलंय तुमचं," एकदा ते भर दवाखान्यात म्हणाले. बाकावरच्या बायका काळजीने डॉक्टरांकडे बघायला लागल्या.

"माझं?"

"तक्त्यावरचं हो. हृदयाची रेघ इथे आणि लाल रंग बघा कुठे गेलाय, पार काखेत. असला कागद मी मशीनवरून उतरू दिला नसता."

"काका, आधी तुमचं हृदय बघू, मग त्याचं," असं म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्ट्यावरचा छाप बसलाय की नाही, हे वडिलांनी तेवढ्यात बघून घेतलं.

त्यांची सगळी हयात छापखान्यात गेली होती. त्या काळच्या मशीनवर रंगीत चित्र छापायचं तर एकेक रंग वेगळा चढवावा लागे. आधी निळ्या रेघा, त्या वाळल्या की तोच कागद पुन्हा मशीनला लावून वर लाल. दुसऱ्या खेपेला कागद केसभर जरी हलला, तरी लाल रंग आपल्या रेघेत न पडता शेजारी जाऊन पडायचा. रेघेत पडला तर वडील म्हणत 'बसलाय'. नाही पडला तर 'सरकलाय'. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांनी हे दोनच वर्ग पाडले होते. बिस्किटाचा पुडा असो, साबणाचं वेष्टण असो, नाहीतर गोळ्यांची डबी असो, आधी भिंग लागायचं. डबी सरकलेली निघाली, तर आतली गोळी घ्यायलाही ते कुरकुर करत. ज्यांना साधी डबी धड छापता येत नाही, त्यांनी औषध काय धड बनवलं असणार, असा त्यांचा सवाल असे.

आणि मग ते ठरलेलं वाक्य यायचं. "माझ्या हातून सरकलेला कागद कधी छापखान्याबाहेर गेला नाही." जावयाला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं, की सासऱ्यांना ठसका लागला तर उरलेलं तो पुरं करायचा. मुलगी मात्र हे वाक्य सुरू झालं की उठायची आणि कपाटात काहीतरी शोधायला लागायची. तिला ठाऊक होतं, की सरकलेला कागद बाहेर गेला होता. एक-दोन नाही, चांगला गठ्ठा. वडिलांच्याच काखेतून गेला होता आणि थेट तिच्या हातात येऊन पडला होता.

ही मुलगी आता केस पिकलेली बाई होती आणि चित्रं काढून पोट भरत होती. तिची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली होती आणि ती काढणारी कोण, हे कोणालाही माहीत नव्हतं. नळाखाली हात कसे धुवावेत, आग लागली तर जिन्याने कसं उतरावं, मिक्सरचं झाकण कसं दाबून बसवावं, असली चित्रं ती काढायची. तिच्या चित्रातली माणसं कायम शहाण्यासारखी वागत. आग लागली तरी त्यांचा भांग विस्कटत नसे. अशा गुणी माणसांमध्ये उभं आयुष्य काढल्यावर कोणालाही कंटाळा येईल, तसा तो तिलाही आला होता, पण ती तसं बोलून दाखवत नव्हती.

अशात एका प्रकाशनाच्या संपादिकेचा फोन आला. त्यांना एक पुस्तकमाला काढायची होती. चित्रकारांनी आपण लहानपणी जीव लावलेलं एकेक पुस्तक निवडायचं. गोष्ट आहे तशीच राहील, चित्रं मात्र नवी.

"तुम्ही सावकाश विचार करून—"

"अस्वलाचं," ती म्हणाली.

"कुठलं अस्वल, ताई?"

"ते भाड्याची खोली शोधत हिंडतं ना, ते."

गोष्ट अगदी साधी होती. एक अस्वल बोचकं घेऊन खोली शोधायला निघतं. बगळा म्हणतो, तू घोरतोस, माझी एका पायावरची झोपमोड होईल. शेळी म्हणते, तुला अंघोळीला पाणी किती लागेल, आणि तुझे केस मोरीत अडकतील ते कोण काढणार. कासव म्हणतं, जागा आहे, पण एकापुरतीच, आणि तो एक मी आहे. शेवटी घुबड त्याला आपली माडी देतं. घुबड रात्री बाहेर, अस्वल दिवसा बाहेर, एका खाटेवर दोघांची सोय. संपली गोष्ट.

चुटकीसरशी होईल, असं सांगून तिने काम घेतलं आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. गोष्टीतलं पहिलं वाक्य होतं, 'अस्वल एकटंच निघालं.' तिने अस्वल काढलं. ते बोचकं घेऊन इतकं सरळ उभं राहिलं, की रांगेत कसं उभं राहावं ह्या पत्रकावर शोभलं असतं. तिने ते खोडलं, दुसरं काढलं. दुसरं आणखी गुणी. तिसऱ्याने तर भांगही पाडला होता. टेबलाखाली अस्वलांचे बोळे साचले. आणि प्रत्येक अस्वल तिरक्या नजरेने बाजूला बघत होतं, जणू कोणाची वाट पाहत होतं. कोणाची, ते तिला चांगलं माहीत होतं. पण ज्याचं नाव काढायचं नाही असं ठरवलेलं असतं, त्याचीच आठवण नेमकी जास्त येते.

त्याचं नाव लाल्या.

तिच्या लहानपणी वडील छापत होते त्यातच हे अस्वलाचं पुस्तक होतं. सगळी चित्रं निळ्या रेघांची, लाल रंग फक्त अस्वलाला. मशीन लावताना सुरुवातीचे जे कागद बिघडत, ते रद्दीत जायचे. त्यातला एकेक कागद वडील घरी घेऊन आले, आईने ते सुईदोऱ्याने शिवले, खोक्याचा पुठ्ठा लावला आणि तिचं पहिलं पुस्तक तयार झालं. त्यात अस्वल होतं, नुसत्या निळ्या रेघेचं, आतून कोरं. आणि त्याच्या शेजारी, त्याच आकाराचं, त्याच उंचीचं, एक लालभडक कोणीतरी उभं होतं. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं, फक्त अंग होतं. बगळ्याच्या दारात तो अस्वलाच्या पाठीमागे लपायचा. शेळीपाशी थोडा वर चढायचा, अस्वलाने त्याला पाठुंगळी घेतल्यासारखा. कासवाकडे तर पार लांब जाऊन उभा राहायचा. आणि शेवटच्या पानावर अस्वल घुबडाच्या खाटेवर झोपलेलं असे, तेव्हा तो शेजारी नसायचाच. अस्वलच छान लाल झालेलं असे. घर मिळालं, लाल्या आत गेला. इतकं ते सरळ होतं. मग तीही डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपी जायची.

'अस्वल एकटंच निघालं' हे वाक्य तिने कोणालाच धड वाचू दिलं नाही. "एकटं कुठे? लाल्या आहे की!" असं ती दर वेळी खडसावायची.

मग मोठ्या शाळेत गेल्यावर ग्रंथालयात तिला तेच पुस्तक दिसलं. गुळगुळीत, पक्क्या बांधणीचं. तिने हरखून उघडलं, तर पानापानावर अस्वल आतून लाल आणि शेजारी कोणी नाही. ती तशीच पुस्तक घेऊन ग्रंथपालबाईंकडे गेली. "बाई, यातला एक हरवलाय."

"पान हरवलंय?"

"पानं आहेत. लाल्या नाहीये."

बाईंनी भल्या मनाने पुस्तक उलटं धरून झटकलंसुद्धा. काही पडलं नाही. घरी जाताना रस्त्यातच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. छापखानेवाल्याची मुलगी ती, बसलाय आणि सरकलाय ऐकतच वाढलेली. लाल्या कोणी नव्हता. लाल्या म्हणजे वडिलांच्या मशीनवरची चूक होती. त्या दिवशी ती घरातलं कोणी गेल्यासारखी रडली. आईने विचारलं तर दात दुखतोय म्हणाली आणि उगाच दोन दिवस मऊ भात खाल्ला. वडिलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. ज्या माणसाला लोकांच्या बिस्किटाच्या पुड्यावरचा सरकलेला लाल सहन होत नाही, त्याला त्याचाच सरकलेला लाल दाखवायचा? घर बदलताना ते शिवलेलं पुस्तक कुठेतरी गहाळ झालं आणि प्रकरण मिटलं.

ते मिटलं नव्हतं, हे आता टेबलाखालचे बोळे सांगत होते. शेवटी एका दुपारी तिने दार लावून घेतलं आणि निळ्या रेघेच्या अस्वलाशेजारी एक लाल अस्वल काढलं. डोळे नाहीत, तोंड नाही. त्याबरोबर निळं अस्वल हललं. त्याचं पोट सुटलं, खांदा कलला, बोचकं घसरलं. तिच्या हातून पहिल्यांदाच कोणीतरी शहाण्यासारखं वागायचं थांबलं होतं. ती एकटीच खोलीत हसली आणि मग संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याने चित्र हातात घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं आणि गंभीरपणे म्हणाला, "उद्या दुकानात ये. तुझा नंबर वाढलाय."

"अहो, मुद्दाम आहे ते."

"सगळे असंच म्हणतात. दोन-दोन दिसायला लागलं की आधी मान्यच करत नाहीत."

मग तिने त्याला लाल्याची सगळी गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तो म्हणाला, "मग बाबांना सांगून टाक ना."

"काय सांगू? तुम्ही जन्मभर जे मिरवलंत ते खोटं आहे, आणि आता मी ते पुस्तकात छापून गावभर वाटणार आहे?"

त्याने चित्र परत टेबलावर ठेवलं. लाल्याला काढून टाक, असं मात्र त्याने म्हटलं नाही.

संपादिकेला चित्रं बेहद्द आवडली. "हा लाल कोण आहे हो? गोष्टीत तर नाही. पण याच्याशिवाय आता गोष्ट वाचवत नाही." तिने एकच मागणी केली. मालेतल्या प्रत्येक चित्रकाराने पुस्तकाच्या शेवटी दोन ओळी लिहायच्या होत्या, चित्रं कुठून सुचली त्याबद्दल. "तेवढं द्या, ताई."

"असंच सुचलं, लिहा."

"असंच काही सुचत नाही. मी थांबते, सावकाश द्या," असं म्हणून संपादिकेने त्या दोन ओळींची जागा कोरी सोडली. ती जागा तिला झोपेतसुद्धा दिसायला लागली.

इकडे घरात लपवाछपवी सुरू झाली. बंद दाराआड मुलगी काय करते, या विचाराने वडिलांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी विचारलं तेव्हा तिला सुचेल ते तिने सांगितलं. "मूळव्याधीच्या दवाखान्याचं पत्रक आहे, बाबा. बघण्यासारखं नाही."

वडील लगेच दारापासून मागे सरले. पण मागे सरता सरता म्हणाले, "लाल नीट बसव हो. त्या आजारात लालला फार महत्त्व."

पुस्तक छापायला लागलं त्या दिवशी पहिला कागद बघून पसंती द्यायला चित्रकाराने छापखान्यात यावं, असा निरोप आला. ती कोणाला न सांगता निघणार होती. पण सकाळी चहा पिताना नवरा सहज बोलून गेला, "आज हिचं अस्वल मशीनवर चढणार."

"अस्वल?" वडिलांचा कप हवेत थांबला. "मूळव्याधीला अस्वल?"

तिने नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की तो चहा अर्धा सोडून दुकान उघडायला निघून गेला. सगळं उघडं पडलं नव्हतं, पण मशीन एवढा शब्द वडिलांना पुरेसा होता. ती चपला घालेपर्यंत ते इस्त्रीचा सदरा घालून, खिशात भिंग टाकून दारात उभे होते. नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही. रस्ताभर ती पिशवी छातीशी धरून होती आणि वडील मात्र हसतमुख होते.

छापखान्यात शाईचा तोच जुना वास होता, बाकी सगळं बदललेलं. लांबलचक मशीन, लुकलुकणारे दिवे, खांद्यावर फडकं टाकलेला गलेलठ्ठ मशीनवाला. संपादिका आधीच येऊन थांबली होती. वडिलांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून, मुलीचं सासर बघायला आल्यासारखी. तेवढ्यात पहिला कागद निघाला आणि मशीनवाल्याने तो तिरक्या टेबलावर दिव्याखाली पसरला. अख्खं पुस्तक एकाच मोठ्या कागदावर.

तिने कागदावर नजर फिरवली. लाल्या नव्हता. बगळ्याच्या दारात नव्हता, शेळीपाशी नव्हता, कुठेच नव्हता. प्रत्येक पानावर अस्वल आतून घट्ट लाल होतं आणि एकटं होतं.

कॉम्प्युटरवर फाइल तयार करणारा माणूस आतून हात पुसत आला. चेहऱ्यावर अगदी उपकार केल्याचा आनंद. "मॅडम, बरं झालं मी बघितलं. तुमचा लाल सगळ्या पानांवर सरकला होता. एकेक पान घेऊन जागेवर बसवला. शेवटचं पान तेवढं बरोबर होतं, त्यावरूनच कळलं बाकीची चुकलीत."

ती काही बोलायच्या आत वडील पुढे झाले होते. भिंग डोळ्याला लावून ते कागदावर वाकले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सावकाश गेले, एकही अस्वल न सोडता. मग ताठ उभे राहिले.

"बसलाय," ते म्हणाले. आणि तिच्याकडे वळून, "पोरी, काय बसलाय गं! असं काम केलंस आणि बापापासून लपवत होतीस?"

तिच्या चित्रांना ते आजवर फक्त 'ठीक' म्हणत आले होते. आग लागलेला जिना ठीक, मिक्सर ठीक. हे 'काय बसलाय गं' ऐकायला तिने किती वर्षं वाट पाहिली होती, ते तिचं तिलाच आत्ता कळलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. पुस्तक सुंदरच झालं असतं. त्या दोन ओळीही लिहाव्या लागल्या नसत्या. वडिलांचं वाक्य शाबूत राहिलं असतं आणि तिची शाबासकीही. नुकसान झालं असतं तर फक्त अस्वलाचं.

तिने कागदाकडे पाहिलं. कासवाच्या दारात अस्वल बोचकं धरून उभं होतं, एकटं, तिरक्या नजरेने बाजूला बघत.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "लाल बाजूला हवा."

"हो ना, तो सोबती कुठे गेला?" संपादिकाही बोलली. कॉम्प्युटरवाल्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"बाजूला म्हणजे?" वडील म्हणाले. "सरकलेला?"

"हो, बाबा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मुद्दाम कोण सरकवतं?"

तिने पिशवीतून आपल्या चित्रांची कच्ची प्रत काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. सांगायला तोंड उघडलं, "तुम्ही तेव्हा कागद आणले होते ना, आईने शिवलेले..." वडिलांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. भिंग हातातच राहिलं. चार लोकांत आपण बापाचा सदरा फाडला, असं तिला वाटलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण छापखान्याची जमीन पक्क्या सिमेंटची होती.

कासवाच्या पानावर ते थांबले. भिंग डोळ्याला लागलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"बाबा, मी तुम्हाला—"

"कासवाच्या दारात लाल्या एवढा जवळ नव्हता. चांगला अंगठाभर लांब होता. त्या दिवशी मशीनचा पट्टा ढिला झाला होता, किती कागद वाया गेले, मालकांनी सगळ्यांसमोर झापलं मला. मी विसरेन होय?"

तिने मान झटकन वर केली. "लाल्या? तुम्हाला त्याचं नाव अजून आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे? मीच ठेवलं. तू मांडीवर बसून विचारलंस, बाबा, हा लाल कोण? आता तेवढ्याशा पोरीला काय सांगू, की तुझ्या बापाला लाल बसवता आला नाही? म्हटलं, हा लाल्या, अस्वलाचा सोबती. तू मान डोलावलीस. मग रोज तुझे प्रश्न. आज लाल्या वर का चढला, आज लांब का गेला. कासवाकडे तो रुसलाय, असं सांगितलं होतं मी."

लाल्या आपलाच, आपल्याच डोक्यातून निघालेला, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. क्षणभर तिला चक्क राग आला, कोणीतरी आपलं खेळणं हक्काने उचलावं तसा. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही. ज्या चुकीपासून ती बापाला वाचवत होती, ती चूक बापाने केव्हाच तिच्या हातात सोबती करून दिली होती.

"आणि शेवटचं पान?" तिने नाक ओढत विचारलं. "तिथे तर बसलाय."

"तो कागद पहिल्याच फटक्यात बसला. बिघडलेला निघालाच नाही. मग गेलो मालकांकडे आणि एक चांगला कागद मागितला. उभ्या नोकरीत तेवढंच मागितलं बघ. बाकीचं पुस्तक सरकलेलं देतोय, तर पोरीला शेवट तरी बसलेला द्यावा."

मशीनवाला फडक्याने कपाळ पुसायचं सोडून ऐकत होता. तिने डोळे पुसले आणि तिच्यातली खट्याळ पोर जागी झाली. "म्हणजे सरकलेला कागद छापखान्याबाहेर गेला नाही, म्हणता ते?"

"बाहेर कुठे गेला?" वडील जराही न डगमगता म्हणाले. "घरी आला."

मशीनवाला इतका मोठ्याने हसला, की त्याच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं.

मग मशीनवर चढवायच्या नव्या प्लेटांची तयारी सुरू झाली. वडील कॉम्प्युटरवाल्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. आयुष्यभर जो लाल त्यांनी डोळ्यात तेल घालून रेघेत कोंडला, त्याला ते आता बोट दाखवून बाहेर काढत होते. "सरकव. अजून. अजून सरकव."

"काका, आता पानाबाहेर जाईल."

"रुसलेला माणूस असाच जातो. अजून थोडा."

पुन्हा कागद निघाला. टेबलावर पसरला. बगळ्याच्या दारात लाल्या पाठीमागे लपलेला, शेळीपाशी पाठुंगळी, कासवाकडे पार लांब, आणि घुबडाच्या खाटेवर अस्वल गाढ झोपलेलं, आतून लाल. पसंतीची सही करायला मशीनवाल्याने तिच्यापुढे पेन धरलं. तिने ते वडिलांकडे दिलं. सरकलेल्या कागदावर सही करायची सवय त्यांच्या हाताला नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा भिंग फिरवलं, एकही अस्वल न सोडता, एकही लाल्या न सोडता.

"बसलाय," ते म्हणाले आणि सही केली.

दोन ओळी तिने तिथेच मशीनच्या कठड्यावर लिहून संपादिकेला दिल्या. 'हा लाल्या माझ्या वडिलांच्या मशीनवर सरकला. त्याचं नावही त्यांनीच ठेवलं.' वडिलांनी त्या मागून घेऊन वाचल्या, पेन उचललं, 'सरकला' हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात 'सोबतीला आला' असं लिहिलं. संपादिकेने ते तसंच छापलं.

पुढच्या तपासणीला वडील दवाखान्यात गेले, तर भिंतीवर कोरा करकरीत तक्ता. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "काका, खास तुमच्यासाठी मागवला. बघा, यातलं हृदय अगदी जागच्या जागी आहे."

वडिलांनी भिंग लावून बघितलं. "बसलाय खरा. जुना कुठाय?"

जुना दाराआड गुंडाळून ठेवला होता, रद्दीत जायला. संध्याकाळी ती चित्रं काढत बसली होती तेव्हा वडील खोलीत आले, काखेत ती गुंडाळी घेऊन. त्यांनी ती तिच्या टेबलावर उलगडली. पोट-छाती उघडी टाकलेला तो माणूस, कोऱ्या हृदयाची रेघ, आणि शेजारी काखेत, एकटंच, ते लाल हृदय.

"हा बाहेर राहिला होता," ते म्हणाले. "घरी घेऊन आलो."